म्हणे शांत मुलगा!

ता. ४ मार्च

सौ. ताईस सा. न. वि. वि.

फोनवर बोललो असतो तर तोंडातून भलतंच गेलं असतं, म्हणून लिहितोय. डॉक्टरीणबाईंनी तुला माझं लहानपण विचारलं आणि तू सांगितलंस, अगदी शांत, गुणी मुलगा होता. मी? शाळेत तासभर एका बाकावर कधी टिकलो नाही, वर्गाच्या खिडकीतून उडी टाकून हात मोडून घेतला, तो मी?

गेल्या महिन्यात लिफ्ट दुरुस्त करताना तिसऱ्या मजल्याचं दार उघडं टाकून मी दुसऱ्याच कामाला निघून गेलो. कुणी खाली पडलं नाही हे नशीब. मालक म्हणाले, उपचार घे, नाहीतर घरी बस. बाईंचं म्हणणं, अशा मुलांच्या मेंदूत लक्ष धरून ठेवणारी रसायनं मोठेपणीही कमी पडू शकतात. पाय थांबतात, डोकं धावतच राहतं. औषध आहे, पण लहानपणाची खात्री घरच्या माणसाने द्यायला हवी. तुझ्या कृपेने ते अडलंय. जन्मभर मला कार्टं म्हणालात आणि नेमका आत्ताच मी गुणी झालो होय?

राग आहेच, त्यातच लोभ धरून घे.
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मलाच झापतोस? फोन आला तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. खोड रसायनांची होती, तर तुला वळण लावायला त्यांनी केलं ते सगळं उगाच, असं त्यांच्या तोंडावर म्हणू? ऐंशीच्या माणसाला? ते माझ्याने व्हायचं नाही. वेळेवर जेवत जा.

ताई

ता. १३ मार्च

सौ. ताईस सा. न. वि. वि.

बाबांना कोण बोल लावतंय? पुढच्या वेळी त्या दारातून कुणाचं पोर खाली गेलं, तर त्याच्या आईला तूच सांग, माझा भाऊ फार गुणी आहे म्हणून.

धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना माझा आवाज चढला आणि बाबांनी सगळं ऐकलं. संध्याकाळी म्हणाले, लाव त्या बाईंना फोन. मी होतं नव्हतं ते सांगितलं. मी थांबले, तसे बाबा म्हणाले, "माझ्या कंबरेच्या पट्ट्याचंही सांग."

तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, एवढं पुरे, त्याला सोमवारी पाठवा. मग बाबांनी फोन मागून घेतला आणि विचारलं, तेव्हा हे औषध होतं का हो? होतं, असं त्या म्हणाल्या.

हे तुला कळवू नको असं बाबांनी मला बजावलंय. मी कळवते आहे.

बाबांवर लोभ असू दे.
ताई