सून जवळ असताना दिलेलं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ. लॉकडाऊन चालूच.

मनःस्वास्थ्याच्या सर्वेक्षणासाठी सकाळी वडगावच्या एका विणकर आप्पांना फोन केला. "जगणं नकोसं वाटतं का?" असं विचारलं. ते हळूच म्हणाले, "न्हाय म्हणून लिव्हा, आक्का. सून जवळच बसलीया."

मी 'नाही'वर खूण केली. का केली? दिवसभर तीच खूण डोळ्यांसमोर. शेवटी मघाशी पुन्हा फोन लावला. दोनदा कुणी उचललाच नाही. तिसऱ्यांदा सुनेनं उचलला. म्हणाली, "आप्पा माडीवर हाईत, एकटंच."

"आत्ताच्या आत्ता फोन घेऊन वर जा गं!"

जिन्यावर तिची पावलं वाजली. मग आप्पांचा आवाज आला, "सुनंला खाली धाडलंय. आता इचारा, आक्का."