सीलला रफू

३ मार्च, सकाळी ९
पुढच्या बुधवारी परदेशी तपासनीस येणार. दर तीन महिन्यांनी येतात. आमच्या प्रयोगशाळेतलं अणुइंधन जागेवर आहे ना, कुणी बॉम्बसाठी पळवलं नाही ना, एवढंच बघतात. इंधनाच्या खोलीच्या दाराला त्यांचं सील आहे. पिळाची बारीक तार आणि नाण्याएवढी चकती. अठ्ठावीस वर्षं त्या दाराची जबाबदारी माझी. एकही चूक नाही.
दारावर धूळ फार झालीय. स्वतः पुसणार. शिपायाच्या हाताला हळुवारपणा नाही.

सकाळी ११
फडकं तारेत अडकलं. तार तुटली. म्हणजे पूर्ण नाही.
पूर्णच.
दार उघडलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. मग काळजी कसली? जेवणानंतर साहेबांना सांगणार.

दुपारी ४
शेजारच्या देशाने आज पुन्हा जाहीर केलं की आमच्यावर त्यांचा विश्वास नाही. साहेब पेपर घडी करत म्हणाले, निदान आपलं दार तरी स्वच्छ आहे, बाई. अशा माणसाला आजच कसं सांगायचं? उद्या. नक्की.

४ मार्च
साहेबांना सर्दी. राहिलं.
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. चहा ढवळत म्हणाले, "तुटलं म्हणून सांगून टाक की. दार काही तू खाल्लं नाहीस." पुरुषांना बारकावे कळत नाहीत.

५ मार्च
शिवणाची पेटी घेऊन ऑफिसला गेले. सातवीत रफूचं पहिलं बक्षीस म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी दिलेली. झाकणावरची निळी फुलं आता पुसट झालीत. सिस्टर म्हणायच्या, रफू असं हवं की भोक पडलं होतं हे कापडालाही आठवू नये. खोटं बोलू नये, हेही त्याच सांगायच्या. बहुतेक त्याच तासाला.
रुपेरी तार, सर्वांत बारीक सुई, पस्तीस मिनिटं. पिळाला पीळ जुळला. भिंगातून पाहिलं तर जोड मलाच सापडेना. सिस्टरांनी गाल थोपटला असता.
खोटं एक अक्षर बोललेले नाही. कुणी विचारलंच नाही.

९ मार्च
बातम्यांत सीमेकडे निघालेल्या लष्करी गाड्या. साहेबांना सांगायला उठले. दारापर्यंत गेले. पण तुटलं म्हणून सांगायचं, तर जोडलं का तेही सांगावं लागणार. त्यापेक्षा न सांगणंच सरळ.
जेवण गेलं नाही. हवा बदललीय.

११ मार्च, सकाळी १०
तपासनीस बाई आहेत या वेळी. माझ्याच वयाच्या. बरं झालं. बाईमाणसाला सफाईची कदर असते.

दुपारी १
बाईंनी भिंग लावलं. चष्मा पुसला. पुन्हा लावलं.
"हे कुणी शिवलंय?"
माझा हात वर्गातल्यासारखा आपोआप वर गेला.
रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, ही तार तुटण्यासाठीच असते. तुटलेली मिळाली असती तर एक फॉर्म भरला असता, दोघींनी सह्या केल्या असत्या. आता कुणीतरी आत जाऊन आलं आणि ते लपवलं, असंच मला लिहावं लागेल."
मी आत गेले नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, नसालही गेला. पण तुमच्या बाजूने बोलणारं हे सील एवढं एकच होतं, आणि तुम्ही त्याचंच तोंड शिवलंत.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उभ्यानेच मंत्रालयाला फोन लावला.

१२ मार्च
सहा आठवडे सगळं इंधन मोजणार, कांडी न् कांडी. शेजारच्या देशाच्या निवेदनात आजच ‘सीलशी छेडछाड’ आलंय. छेडछाड म्हणजे माझं रफू.
चाव्या साहेबांनी मागितल्या. दिल्या.
शिवणाची पेटी पुरावा म्हणून जमा. बाईंनी माझ्यासमोर तिला सील लावलं. घाईत लावलं असावं. तारेचं एक टोक बाहेर आलंय आणि पीळ सैल आहे.
मी दोन्ही हात मागे घट्ट बांधून उभी राहिले.