बाहेरची खिडकी

दि. ६ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

संग्रहालयाच्या बावीस खिडक्यांना आतून दुसऱ्या बावीस खिडक्या, पुढच्या दारामागे आणखी एक आपोआप मिटणारं दार, माळ्याच्या तोंडावर लोकर भरलेलं झाकण, एवढं सगळं मी या दोन हातांनी केलं. एकाही सांध्यात नखाचं टोक जाणार नाही. बाहेरच्या जुन्या खिडक्या खडखडायच्या, त्याही कुणी न सांगता फेल्टच्या पट्ट्या आणि पुट्टी लावून गच्च केल्या.

पहिल्याच महिन्यात वीजबिल तिसऱ्या हिश्श्याने उतरलं. तुझी चिमी, म्हणजे आमच्या इंजिनिअरबाई, फटीतून हवा येते का ते बघायला धुराची कांडी घेऊन आतल्या खिडक्यांपाशी फिरल्या. धूर हललासुद्धा नाही. मामा म्हणून नव्हे, कारागीर म्हणून शाबासकी मिळाली हो!

एकच गोष्ट मनाला खाते. नकाशांच्या दालनात दोन काचांच्या मधे पाणी धरतंय. ओघळ भिंतीत उतरतात. चिमीने तिथे हवा खेळवायला एक यंत्र बसवलंय, ते मला पहिल्यापासून पसंत नाही, त्याचंच हे काम असणार. तिला हे सांगू नकोस, फुरंगटेल.

लोभ आहेच, तो सांभाळ.
तुझा ठोक्या


दि. ११ डिसेंबर

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या कामाच्या याद्या मी गाळूनच वाचते, रागावू नकोस. लहानपणी पाटाला चार खिळे मारलेस तरी आठवडाभर ऐकवायचास.

रविवारी चिमी येऊन गेली. पानात वाढलेलं तसंच ठेवून उठली. एकच सदरा दोनदा इस्त्री केला. नकाशे दमटपणाने फुगलेत, एकाच्या कोपऱ्यावर बुरशीचे ठिपके आलेत. समितीचं म्हणणं, बाईंची योजनाच चुकली. एकोणीस तारखेला बैठक आहे. जुन्या-नव्या सगळ्या खिडक्या उपटून प्लास्टिकच्या तयार खिडक्या बसवायच्या असं घाटतंय. तसं झालं तर हिची नोकरी जाईल, असं तिच्या साहेबाने स्वच्छ सांगितलंय.

ती म्हणते, आतली खिडकी घट्ट हवी आणि बाहेरची सैल, म्हणजे मधला दमटपणा बाहेर निघून जातो. बाहेरची सैलच ठेवलीय, मग पाणी येतं कुठून, हे तिला उमगत नाही. मी म्हटलं, मामाला विचार. तर म्हणाली, मामाच्या हातात खोट नसते, खोट माझ्याच हिशेबात असणार. तेच आकडे पुन्हापुन्हा मांडतेय वेड्यासारखी.

तुला काही सुचलं तर लगेच कळव. माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी ताई


दि. १६ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न.

माझ्या याद्या गाळतेस ना? मागचं पत्र काढ आणि यादीचं शेवटचं वाक्य वाच.

चिमीने ड्रॉइंगवर ठसठशीत लिहिलं होतं, की बाहेरच्या खिडकीला हात लावू नये. मला वाटलं, खर्च वाचवायला लिहिलंय. खडखडणारी खिडकी तशीच सोडून घरी जायचं माझ्या जिवावर येतं गं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी एका खिडकीची बाहेरची पट्टी उपटली. आज ती काच कोरडी ठणठणीत आहे. शेजारची डबडबलेली.

अजून कुणाजवळ बोललो नाही. ताई, मला पदवी नाही, कुणाच्या हाताखाली शिकल्याचा दाखला नाही. आहे ते नाव. एकोणीसला ते गेलं की राहिलं काय? ठोक्याने नकाशे भिजवले, असंच म्हणणार लोक. आणि गप्प बसलो, तर पोरीच्या गळ्याशी येतंय. काल रंधा तिरका गेला, माझा!

चिमीला तू काही सांगू नकोस. सांगायचं तर मीच सांगेन. जमेल की नाही, देव जाणे.

ठोक्या


दि. २० डिसेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. काल, समितीपुढे, चिमी समोर बसलेली असताना. अध्यक्षांनी विचारलं, बाहेरच्या खिडक्या बंद करायला तुम्हाला कुणी सांगितलं. म्हटलं, कुणी नाही, माझ्या खोडीने. कोपऱ्यात कुणीतरी हसलं. कान तापले, पण उभा राहिलो.

थंडी संपेपर्यंत मुदत मिळालीय. तोवर खिडक्या जागच्या जागी, चिमीही नोकरीत. दालन सुकलं तर ठीक, नाहीतर सगळंच उपटणार. बाहेरच्या सगळ्या पट्ट्या मी आज काढल्या. आता त्या खडखडतात आणि माझे हात शिवशिवतात. रोज सकाळी काचांवर बोट फिरवून बघायचं, दुसरं हातात काही नाही. बुरशीचे ठिपके जातील की नाही, ते नकाशे दुरुस्त करणाऱ्या बाईही सांगू शकत नाहीत.

बाहेर आल्यावर चिमीने विचारलं, की मामा, तू ड्रॉइंग वाचतोस की नुसतंच कौतुकाने बघतोस. स्कूटरवर मागे बसवून घरी सोडलं मात्र तिने.

या भावावर माया राहू दे, आता जरा जास्तच लागेल.
तुझा ठोक्या

ता. क. बैठकीच्या आदल्या दिवशी त्या तयार खिडक्यांचा कंत्राटदार माझ्याकडे आला होता. माझ्या चौकटीचा सांधा बोटाने चाचपला, वा म्हणाला. त्याचं म्हणणं, मी समितीला एवढंच सांगायचं, की काम ड्रॉइंगबरहुकूम केलं, तरी पाणी आलं. मग त्याच्या खिडक्या बसवायची देखरेख माझ्याकडे, नावही शाबूत. मी नको म्हटलं. सहा लाख चाळीस हजार देत होता.