शालीला लागलेली कसर

२ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तुम्हीही सगळे बरे असाल.

आठवतं, शाळेच्या बसची वाट बघताना आईची लोकरीची शाल आपण दोघी मिळून पांघरायचो? तू सगळी ओढून घ्यायचीस आणि वर म्हणायचीस, "ताई, तुला कुठे थंडी वाजते!"

परवा तीच शाल न्यायला आलीस. उलगडलीस आणि म्हणालीस, "एक शाल सांभाळता आली नाही तुला? चाळण केलीस तिची!" तू ती तशीच टाकून गेलीस, मी उजेडात धरून बघितली. आपल्या कॉन्व्हेंटमधल्या जीवशास्त्र शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या ना, किडा मारण्याआधी ओळखा.

ओळखला. घडीत तांदळाच्या कणीएवढ्या केसाळ, पट्टेरी अळ्या होत्या आणि त्यांनी टाकलेल्या कातींचा भुगा. लोकर खातात त्या ह्याच. मोठ्या झाल्या की त्यांचे तिळाएवढे गोल भुंगेरे होतात, पाठीवर पांढरी-पिवळी नक्षी असलेले. खिडकीत बसायचे. आई म्हणायची, "किती गोड आहेत गं, राहू देत." ते लोकरीला तोंडही लावत नाहीत. त्यांना फुलांतले पराग लागतात.

आई जाऊन महिना झाला, तरी तुझा फुलवाला दर सोमवारी येतो. या वेळी मी गुच्छ पांढऱ्या कागदावर झटकला. दोन-तीन भुंगेरे पडले.

बसच्या चार थांब्यांवर राहतेस तू. दोन वर्षं तुझ्याऐवजी फुलं आली. सुकली तरी आई टाकू द्यायची नाही, कपड्यांच्या पेटीवरच ठेवायला लावायची. बेल वाजली की विचारायची, "धाकटी आली?" मी म्हणायचे, "फुलं आली." शेवटी शेवटी नुसतं "हो" म्हणायला लागले. मग ती फुलांशी बोलत बसायची.

भोकं गळ्याशी जास्त आहेत. मळलेली लोकर अळ्यांना आधी लागते, आणि भरवताना सूप तिथेच सांडायचं. आई गेल्यावर मी शाल न धुताच पेटीत ठेवली, तिचा वास जाईल म्हणून. तेवढं माझं चुकलं.

आता वाटणी. सुती चादरी मी ठेवते. सुताला ही कीड लागत नाही. आईचा कोट शाबूत आहे, तो तुझ्या मुलीला. रेशमी रुमाल दिवसा येणाऱ्या नर्सबाईंना. शाल तुला. फ्रीजरमध्ये ठेवून अळ्या मारल्या आहेत, रफू मात्र केलेली नाही. आणि फुलवाल्याला तुझा पत्ता दिला आहे. सोमवारी बेल वाजली की दार तू उघड.

ताई