शेवटच्या सेटनंतरचं माप

प्रिय निकेश,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हे कागदावर. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून फाडू नकोस बाप्पा. शेवटपर्यंत वाच. मग हव्या तेवढ्या शिव्या दे, मी बोरगावात बसून निमूट खाईन.

पोलीस भरतीच्या त्या सकाळला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलला नाहीस. तू माझ्यावर रागावला असतास तर मी सुटलो असतो. पण तू आईला सांगितलंस की दादानं जीव ओतला होता, माझ्या अंगातच दम नव्हता. आई हे सगळ्या गल्लीत कौतुकानं सांगते, की पाहा, माझा लहाना मोठ्याले किती मानते!

आपली टिनाच्या शेडमधली जिम चालू आहे. आरशाला वरून खालपर्यंत तडा गेलाय, पण पोरं त्यातच दंड पाहतात. पंप चढला, म्हणजे व्यायामानं अंग फुगलं, की एकही जण आरशापुढून हलत नाही. रक्त भरलेलं असतं, शिरा तटतटलेल्या असतात, आणि वाटतं आपण एका तासात वाढलो. मी आता प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो की हा पाहुणा आहे, तासाभरात जातो. अगदीच फुकट नाही तो. अंगाला जोर लागला एवढं कळतं त्यावरून. पण वाढ होते ती हळूहळू चढवलेल्या वजनानं, पोटभर खाण्यानं आणि झोपेनं, ती पण महिन्यांच्या हिशेबानं. पोळी तव्यावर टम्म फुगली म्हणून कणीक वाढते काय?

हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्या लक्ष्मणरावांचा नियमच होता की माप घ्यायचं ते थंड अंगाचं, सकाळी, लोखंडाला हात लावायच्या आधी. मी सगळ्यांची मापं तशीच घेत होतो. फक्त तुझं माप शेवटच्या सेटनंतर घ्यायचो. आईच्या शिलाई मशीनचा टेप तुझ्या छातीला लावायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि तुझं तोंड पाहायचं. बाबा गेल्यावर तू हसणंच सोडलं होतंस रे. दिवसभरात तेवढा एकदाच हसायचास. मला त्या हसण्याची चटक लागली.

भरतीच्या दोन महिने आधीची एक सकाळ तुला आठवते का? तू धावून आला होतास, बनियन अंगाला चिकटलं होतं. मी सहज टेप लावला. भरतीला छाती न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर लागते, तुझी साडेसत्त्याहत्तर भरली. मी तुला एकोणऐंशी सांगितली. तू चहा प्यायला धावत घरी गेलास, आणि मी टेप हातात धरून बाकावर बसून राहिलो. त्या दिवशी खरं बोललो असतो तर दोन महिने होते. जड वजनं लावली असती, तुझं रोजचं धावणं थोडं कमी केलं असतं, दूध-अंडी वाढवली असती. दीड सेंटिमीटर आलं असतं की नाही, देव जाणे. पण तुला लढायला तरी मिळालं असतं. मी मात्र तुला हलक्या वजनाचे भराभर सेट मारायला लावत राहिलो, कारण संध्याकाळी आकडा दिसायला हवा होता.

आणि भरतीच्या दिवशीची माझी अक्कल पाहा. नंबर जवळ आला की पन्नास दंड मार, असं मीच तुला शिकवून पाठवलं होतं. तू मारलेस. नेमकी रांग थांबली. पौषातल्या थंडीत तासभर उघड्या अंगानं उभा राहिलास आणि सगळं ओसरलं. अठ्ठ्याहत्तर. तू पुन्हा मोजायला लावलंस, पुन्हा अठ्ठ्याहत्तर. वयाची अट संपत होती, पुढची भरती तुझ्यासाठी नव्हतीच. सोळाशे मीटर तू पाच मिनिटं दहा सेकंदांत धावायचास, पण मापातच बाद झालास, ते त्या मैदानावर कोणी पाहिलंच नाही. बूट हातात घेऊन फाटकाबाहेर आलास आणि मला सॉरी म्हणालास. मला! मी तुझ्या पाठीवर हात ठेवून नशीब म्हणालो. एवढा हलकटपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

हे सगळं तीन वर्षं गिळून आजच काऊन लिहितो, तर परवाच्या रविवारमुळं. आईनं तुझा व्हिडिओ कॉल सगळ्यांना दाखवला. तू पुण्यात बाउन्सर झालास, दंड माझ्या मांडीएवढे झाले. आई खुशीत होती, म्हणे आता पोराचे पायबी भरले, आठ नंबरची चप्पल होत नाही, दहाची पाठवायची आहे. तुझी मयुरी वहिनी दवाखान्यात नर्स आहे, तुला ठाऊक आहे. तिनं तुझे सुजलेले डोळे पाहिले, खांद्यावरचे फोड पाहिले, आणि कॉल संपल्यावर मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं की हा अंग फुगवायची इंजेक्शनं कधीपासून घेऊन राह्यला. निकेश, तिसाव्या वर्षी माणसाचा पाय वाढत नाई. तो पंप नोहे, ती सूज हाय. मूत्रपिंडाची असू शकते, असं ती म्हणते. ज्या अंगाले तू सुया टोचून राह्यला, त्याचा काही गुन्हा नव्हता रे. टेप माह्या हातात होता, खोटं म्या सांगितलं. उद्याच रक्त-लघवी तपासून घेजो. मग मले मारायले का होईना, घरी येजो. चप्पल म्या आठ नंबरचीच आणून ठेवली हाय.

तुझाच गुन्हेगार,
योगेंद्रदादा