उडी मारणाऱ्या मुलीचं माप

आई,

नाचण्यासाठी शिवलेला कपडा, कुणी नाचत नसताना, काय असतो? तुला विचारलं असतं तर दातांनी दोरा तोडत तू म्हणाली असतीस, "कपडाच की. घडी घाल आन् ठिव."

तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आता पुण्यात नाटकाची वेशभूषा शिकते. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून अप्पा कोल्हारच्या स्टँडवर भेटेल त्याला सांगतात, "पोरगी कापडाची पंडित हाय." शंभरेक वर्षांपूर्वी रशियातली एक बॅले मंडळी पॅरिसला जाऊन नाचली, तिच्या पोशाखांवर मी लिहिते आहे. बॅले म्हणजे तरंगल्यासारखा नाच. आधीच्या नर्तिकांची कंबर आवळलेली, झालर ताठ. या मंडळींसाठी मात्र चित्रकारांनी सैल विजारी काढल्या, झुळझुळीत अंगरखे काढले, निळ्याशेजारी बेधडक नारिंगी लावला. ती चित्रं पाहताना मी ग्रंथालयात बसल्या बसल्या हरवते. त्यांत क्वचितच कुणी सरळ उभी आहे. एक वळलेली, एक हवेत, आणि कपडा तिच्या मागून सावकाश येतो आहे.

आणि मग मी आपल्या स्वयंपाकघरात असते. प्रवरेवरचा वारा खिडकीतून येतो आहे, मी सहावीत आहे, गॅदरिंगमध्ये मला मोर व्हायचं आहे. माझ्या खांद्याला टेप लावून तू म्हणतेस, "उडी मार." मी ताठच. "अगं मार की. उभ्या पोरीचं माप घिऊन काय करू? ष्टेजवर खांबावानी उभी ऱ्हानार हायस व्हय?" मी उड्या मारते, बसते, हात पसरून गिरक्या घेते, आणि तू टेप घेऊन माझ्याभोवती फिरतेस. तुझ्या निळ्या साडीचा झगा झाला. पिसांचे डोळे तू अर्ध्या बटाट्याच्या ठशाने उमटवलेस. जवळून ते नुसते डाग होते, मागच्या रांगेतून अप्पांना मोर दिसला. त्याआधी जेवताना भाजीत एक फोड निळसर निघाली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "मोर शिजवलास का काय?"

पॅरिसच्या कित्येक पोशाखांवरही नक्षी रंगानेच उमटवलेली असे, लांबून पाहायची. आता ते संग्रहालयांत काचेमागे आहेत. काखांत घामाचे डाग, गळ्याच्या आत नर्तिकांची नावं, एक खोडून दुसरं. तूही माझं नाव तसंच आतून दोऱ्याने घातलं होतंस.

आमच्या सरांनी झग्याचा फोटो पाहिला आणि विभागाच्या काचेच्या कपाटात कायमचा ठेवायला मागितला. खाली तुझं नाव लागणार होतं. अप्पांनी दोनदा विचारलं, "छापील?" त्याच आठवड्यात शेजारच्या काकू झगा मागायला आल्या. त्यांची नात यंदा मोर होणार आहे. त्या गेल्यावर अप्पा म्हणाले, "फाटला तर? तिच्या हातचं दुसरं काय ऱ्हायलंय आपल्याकडं?" मला तीच भीती होती. घामाने रंग उतरेल, खिळ्याला अडकून कापड फाटेल, आणि तुझं नावही कुठे लागणार नाही. पण झगा उलटा केला तर कडेच्या शिवणीत तू चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं. पुढच्या वर्षी मी अंगाने भरेन म्हणून. पुढच्या गॅदरिंगला तू नव्हतीस, मी नाचले नाही. तो तसाच वाट पाहत राहिला.

काल घरूनच सरांना नकार कळवला. आज सकाळी काकूंची नात आली, माझ्यापेक्षा अंगाने चांगली भरलेली, आणि टेपपुढे ताठ उभी राहिली. मी म्हटलं, "उडी मार." अप्पा दारात होते. ते आत आले आणि तिला जागा व्हावी म्हणून पाण्याची कळशी बाजूला सरकवली.

ट्रंकेत झग्याची जागा मोकळी झाली आहे, तिथे हे पत्र ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. ती घरी गेल्यावर मी दार लोटून झगा स्वतःच्या अंगाला लावून पाहिला, एक गिरकीही घेतली. तो मला कुठेच पुरला नाही. मग ब्लेड घेतलं, तुझी कडेची शिवण उसवली, आणि गळ्याच्या आत माझ्या नावाखाली तिचं नाव घातलं.