मुराळी गच्चीवर आहे

९ मार्च, रविवार. सकाळी सहा

आजपासून गच्चीवर भाजीपाला. निश्चय पक्का. खरं तर निश्चय काल पंगतीतच झाला, आज फक्त लिहून ठेवतो आहे.

काल व्याह्यांच्या गावी, तापीकाठी, त्यांच्या भावकीतल्या बारशाचं जेवण. भर पंगतीत व्याही दगाभाऊ म्हणाले, याही, पोर गुनी शे तुम्हनी, पन मेथी नि कोथमीरमा फरक समजत नही तिले. मास्तर लोके फळ्यावरच पिकाडतस ना! वाढपीसुद्धा हसला. आमची मयुरी दारात उभी होती, तिने मान खाली घातली. सासऱ्यांच्या बोलण्याची तिलाच लाज वाटली असणार.

मी हात धुण्याआधीच जाहीर केलं: आखाजीला पोरीला न्यायला येईन तेव्हा माझ्या गच्चीवरचं गिलकं हातात असेल. त्याशिवाय तुमचा ओटा चढणार नाही. पंगत गप्प झाली. प्रभाव पडला.

परतताना ही बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. नंदुरबार दिसायला लागल्यावर बोलली. मयुरीला भाऊ नाही. लग्नानंतरची पहिली आखाजी. माहेरी आणायला मुराळी म्हणून बापानेच जायचं, मग अट घालायला कोणी सांगितलं होतं? पोर आनानी शे का गिलकं दखाडानं शे?

म्हणालो, दोन्ही. कॅलेंडरात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला. हवा तेवढा वेळ आहे.

१२ मार्च

गच्चीचा आराखडा पूर्ण. पट्टीने आखला. विभाग पाच: मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, मिरची, गिलकी. सहावा विभाग, संध्याकाळी बसून पाहण्याचा. खुर्ची नेऊन ठेवली. रंगाचे रिकामे डबे, थर्माकोलची खोकी, शेणखत, टोमॅटो-मिरची-गिलक्याची तयार रोपं, सगळं जमलं.

शेजारचा मुनव्वर कठड्यावर कोपरं टेकून बघत होता. कूलर दुरुस्त करतो, त्यामुळे उन्हाळ्याबद्दल स्वतःला फार कळतं असं त्याला वाटतं. म्हणाला, सर, आपल्या गच्चीवर एप्रिलात पापड वाळत नाही, भाजतो. मी सांगितलं, बावीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे. तो म्हणाला, हां, फिर तो ठीक है.

समजावून सांगितलं की लोकांना पटतं.

१९ मार्च

मेथी उगवली! हिला वर बोलावून दाखवली. हिने चष्मा आणायला माणूस खाली पाठवावा लागेल असं म्हटलं. माणूस म्हणजे मी. मयुरीला फोन करून सांगितलं की सासऱ्यांच्या कानावर सहज घाल.

२० मार्च

मेथी दुपारी वाळली. बाजारात हिलाच कसुरी मेथी म्हणतात आणि दुप्पट पैसे घेतात. मेथी विभाग यशस्वी, बंद.

२६ मार्च

कोथिंबीर अजून जमिनीखालीच. धणे घाई करत नाहीत. घाई करणारी झाडं टिकत नाहीत हे मेथीवरून दिसलंच.

३० मार्च, पाडवा

गिलक्याचा वेल मात्र जातिवंत. गुढीच्या आधी तोच वर चढला. त्याला तातडीने मांडव हवा होता. माळ्यावर मयुरीच्या झोक्याचा दोर सापडला. दर आखाजीला मुनव्वरच्या अंगणातल्या निंबाला बांधायचो तोच. चांगला जाड आहे. चार तुकडे केले.

झोक्याला नवा दोर मिळेल. वेल थांबत नाही. हिला योग्य वेळी सांगेन.

२ एप्रिल

हिने पाहिलं. दोराच्या तुकड्यांना हात लावून उभी राहिली आणि काही न बोलता खाली गेली. बाई समजूतदार आहे.

७ एप्रिल. पारा ४३

टोमॅटो झाडावरच शिजले. मिरचीचा विषय काढू नये. ज्या नंदुरबारची मिरची सगळीकडे जाते त्या गावात माझ्या तीन मिरच्यांनी माना टाकल्या, ही मिरच्यांना शोभणारी गोष्ट नाही.

यापुढे सर्व शक्ती गिलक्यावर.

नळ दिवसाआड. हिने पिंप झाकून त्यावर वरवंटा ठेवला आहे. पाण्याच्या बाबतीत हिचा माझ्यावर विश्वास नाही, हे वाईट वाटण्यासारखं आहे. दुपारी ही झोपल्यावर कूलरच्या टाकीतून दोन बादल्या काढून वेलाला घातल्या. पाणी घरातल्या घरातच राहिलं.

८ एप्रिल

कूलरची मोटर जळली. मुनव्वरने उघडून पाहिली. म्हणाला, सर, कोरडीच चालत होती, टाकीत थेंब नाही. मग कठड्यापलीकडून आमच्या हिरव्यागार वेलाकडे पाहिलं. पुढे काही बोलला नाही. त्याची बायको सुरैय्या बोलली. म्हणाली, भाभी, सरांना टाकीत लावा, वेलाला कूलर द्या. दोघी फार हसल्या.

ही ओला टॉवेल पांघरून झोपते आहे.

१० एप्रिल

फुलं! पिवळीधमक, जिथे बघावं तिथे. स्टाफरूममध्ये फोटो दाखवले. जितकी फुलं तितकी गिलकी, म्हणजे पोत्याने न्यावी लागतील. वाटप ठरवलं: व्याही पाच किलो, हेडमास्तर दोन किलो, मुनव्वर अर्धा किलो (कूलरचं बोलला नाही म्हणून). दगाभाऊंच्या ओट्यावर पोतं कुठे ठेवायचं, कसं ठेवायचं, काय म्हणायचं, याचाही विचार झाला आहे. काहीच म्हणायचं नाही. नुसतं ठेवायचं.

१३ एप्रिल

फुलं गळतात. झुपकेच्या झुपके. मयुरीला फोटो पाठवले होते, तिचा फोन आला. पप्पा, ही सगळी नर फुलं शेत, यास्ले गिलकं लागत नही. मादी फुलाच्या मागे बारीक गिलकं असतं, ते बघा. फुलाचे भाग आठवीत तुम्हीच शिकवले होते मला.

मी म्हणालो, तुला आठवतं का ते बघत होतो.

ही मागून म्हणाली, घर तसा वेल. मिरवाले सगळा पुढे, कामले एक नही.

मयुरी आणखी बोलत होती. गल्लीतल्या रुपाला तिचा भाऊ कालच घेऊन गेला. समोरच्या घरची सूनही गेली. ह्या वर्षी लवकर येताहेत म्हणे सगळ्यांचे मुराळी. मुलीचं निरीक्षण चांगलं आहे. विज्ञानशिक्षकाच्या घरात वाढल्याचा परिणाम.

१६ एप्रिल. सकाळी सहा

मादी फूल! एकच, पण आहे. मयुरीने फोनवर सांगितलं तसं नर फूल खुडून त्यावर फिरवलं. तीन फुलं फिरवली, कमी पडायला नको. ती फोनवर हसत होती. खूप दिवसांनी हसली. म्हणाली, आता पुरे पप्पा, बाकीची आखाजीनंतर. तिच्या सासूबाईंनी, शांतीबाईंनी, पाठीमागून विचारलेलं ऐकू आलं, बेटा, कव्हय येवाव शेत तुन्हा पप्पा? मयुरी म्हणाली, येतस, येतस. गिलकं लागनं की येतस.

बघा. सासरी माझ्या शब्दाला किंमत आहे.

२२ एप्रिल

गिलकं वीतभर! कोवळं, हिरवं, अंगावर लव. अशी सुंदर वस्तू मी पूर्वी पाहिलेली नाही. पुण्याकडचे ह्याला घोसाळं म्हणतात. त्यांना पाहायला मिळालं असतं तर नाव बदललं असतं.

ही म्हणाली, झालं ना, आता तोडा आणि आजच जा. पाऊण तासाचा रस्ता. पोरगी वाट देखी ऱ्हायनी.

हिला डावपेच कळत नाहीत. दगाभाऊंच्या शेतातली गिलकी हातभर असतात. त्यांच्या ओट्यावर वीतभर घेऊन जायचं? पुन्हा पंगत, पुन्हा तेच. चार दिवस थांबायला काय हरकत आहे? आखाजी आठवड्यावर आहे.

२५ एप्रिल. पारा ४४

दीड वीत. त्याच्यावर माझी छत्री बांधली आहे. मी डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेलो.

मयुरीचा फोन. पिशवी भरून ठेवली आहे म्हणाली. आणि पप्पा, गिलकं नसलं तरी या.

म्हणालो, बेटा, गिलकं आहे. प्रश्न आकाराचा आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. तापीकाठी नेटवर्कची बोंब आहे.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी ही साडी बदलून चपला घालून उभी. म्हणाली, मीच जाते मुराळी होऊन, मुनव्वरभाईंची गाडी सांगितली आहे. बाई कधी मुराळी म्हणून जाते का? लोक काय म्हणतील? हिने विचारलं, आता काय म्हणत असतील?

मी शब्द दिला, उद्या नक्की. गिलकं हातभर झालं आहे. साल जरा जाड वाटते, पण प्रवासाला जाड सालच बरी.

दुपारी हिला कुणाचा तरी फोन आला. त्यानंतर ही एकदम शांत. चपला कोपऱ्यात गेल्या. माझं म्हणणं उशिरा का होईना पटतं हिला.

२९ एप्रिल, मंगळवार

निघता निघता लक्षात आलं, आज मंगळवार. मंगळवारी लेक आणू नये असं कुठेतरी ऐकलं आहे. विज्ञान वेगळं आणि पहिली आखाजी वेगळी. शिवाय अजून बोटभर वाढेल. उद्या पहिल्या बसने जातो, आखाजीच्या दिवशीच, ऐन मुहूर्तावर. त्यात एक शानही आहे.

मला वाटलं होतं तसा हिचा आरडाओरडा झाला नाही. खापरावरच्या पुरणपोळीसाठी डाळ भिजत घालत होती. म्हणाली, जा बरं उद्या. गिलकं विसरू नका.

३० एप्रिल, आखाजी. संध्याकाळ

पहिल्या बसने गेलो. गिलकं नव्या उपरण्यात, मांडीवर. कंडक्टरने विचारलं, याचं अर्धं तिकीट काढू का?

व्याह्यांचा ओटा चढलो. हातात गिलकं होतं. शब्द पाळला.

घरात कोणी नाही. जावई भूपेंद्र केळीला पाणी द्यायला गेलेला. दगाभाऊ एकटेच खाटेवर. उठले, पाणी दिलं, बसा म्हणाले. मग हळू सांगितलं. शांतीबाईंचा भाऊ सोमवारी जीप घेऊन आला होता, बहिणीला रनाळ्याला न्यायला. पोर तीन दिनपासून पिशवी लिसन वट्यावर बसे, याही. गाडीना आवाज वना का उठे. शांतीले देखायनं नही. तिनी सांगं, चाल बेटा, मन्हं माहेर तेच तुन्हं माहेर. दोघीच्या दोघी गयात.

टोमणा मारला नाही. मी वाट पाहत होतो, पण मारला नाही.

त्यांनी गिलकं हातात घेतलं. अंगठ्याने दाबून पाहिलं.  उपरण्यात नीट गुंडाळून परत माझ्या मांडीवर ठेवलं.

मग आत जाऊन भाकरी आणि गिलक्याची भाजी घेऊन आले. स्वतः केलेली, मीठ जास्त. म्हणाले, मन्ही बाई गयी, तुम्हनी पोर गयी. सनना दिन शे. खाई ल्या.

दोघांनी खाल्लं. निघताना पिशवीभर कोवळी गिलकी दिली. सगळी वीतभर.

घरी आलो तर कुलूप. सुरैय्याने किल्ली दिली आणि निरोप. भाभी पुरणपोळ्या बांधून रनाळ्याला गेल्या. म्हणाल्या, तिकडे झोका आहे.

१ मे

शाळेत झेंडावंदन. ही सकाळच्या बसने परत आली. कपाळावर ऊन लागलेलं, चेहऱ्यावर मात्र टवटवी. मयुरी झोक्यावर उंच जात होती म्हणे, शांतीबाई झोका देत होत्या. गाणी म्हणून म्हणून मयुरीचा आवाज बसला.

मी विचारलं, सोमवारी फोन मयुरीचाच होता ना? हो. मग मला का सांगितलं नाही?

म्हणाली, गिलक्याला दोन दिवस आणखी वाढायचं होतं ना.

संध्याकाळी माझं गिलकं चिरायला घेतलं. विळीवर चालेना. आत गर नाही, नुसती जाळी. हिने ते माझ्या हातात दिलं. मी गच्चीवर नेऊन ठेवलं. सहाव्या विभागात, खुर्चीवर.

१८ मे

मयुरी आणि भूपेंद्र मोटरसायकलवर येऊन गेले. ऊन उतरल्यावर आले, दिवेलागणीला गेले. मयुरीने आईच्या पिशवीतली मेथीची जुडी बघून जून आहे म्हणून नाक मुरडलं. गच्चीवर गेली, वाळलेला वेल पाहिला, दोराच्या गाठी सोडवू लागली. दोन सोडवल्या. मग राहू दिल्या.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच पेरणार, असं तिला सांगितलं. मार्च ही चूक बियाणेवाल्याची. ती म्हणाली, पेरा ना पप्पा. पण पुढच्या आखाजीचं शांतीमायसोबत रनाळ्याचं ठरलं आहे. मामा दोघींना न्यायला येतात.

तिने मामा म्हटलं. मी पाणी प्यायला गेलो.

१ जून, रविवार

गिलकं पूर्ण वाळलं. साल आपोआप निघाली, बिया झटकून काढल्या. हिने जाळी धुऊन न्हाणीत खिळ्याला टांगली आहे. अंग घासायला उत्तम. बाजारात असल्या वस्तूला नैसर्गिक म्हणतात. म्हणजे गच्ची अगदीच वाया गेली असं कोणाला म्हणता येणार नाही.

आज पहिल्यांदा वापरलं. हातभर लांब आहे. तरी पाठीच्या मधोमध पोहोचत नाही. हिला हाक मारली. ही फोनवर मयुरीशी बोलत होती.